मामींचा कान आणि इंडिकेटरची टिकटिक

आमच्या गल्लीतल्या मामी रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर द्यायच्या. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, उन्हात एखादं कुत्रं तेवढं पसरलेलं. तरी स्वतःच्या फाटकात गाडी वळवताना मामींचा हात आधी त्या दांडीकडे जायचा आणि आत टिकटिक सुरू व्हायची. "मामी, दाखवता कोणाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दाखवून नाही राहिली रे, ऐकून राहिली. वळायच्या आधी गाडीचा आवाज घ्यावा माणसानं." आमच्या जबलपुरात अर्धे लोक वळून झाल्यावर हात दाखवतात आणि उरलेले तेवढीही तसदी घेत नाहीत. तिथे मामी म्हणजे चमत्कारच होता.

मामींचा सगळा कारभार कानावर चालायचा. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये केली. कानाला यंत्र लावून शहरभराचे फोन जोडून दिले, आणि त्या काळात ऐकलेले आवाज त्यांच्या कानात कायमचे मुक्कामाला राहिले. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साडी घ्यायला गेल्या की गल्ल्यावरचा म्हातारा नुसता "आइए" म्हणायचा, आणि मामी थबकायच्या. "अच्छा! तुम्ही ते रायपूरचा कॉल लावा म्हणून रोज भांडायचे ते भैयाजी!" म्हातारा आधी चपापायचा आणि मग खूश होऊन चहा मागवायचा. साडी बाजूलाच राहायची. मी शेजारच्या घरातला, सुट्टीच्या दिवशी पिशव्या धरायला हक्काचा माणूस, म्हणून असले बरेच चहा माझ्याही वाट्याला आले.

गाडी मामांनी घेतलेली, डाळिंबी रंगाची, छोटी. मामांनी ती चालवली कमी आणि पुसली जास्त. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, मामी गाडी विकतील. मामींनी उलट गाडी शिकायला सुरुवात केली. तेव्हा त्या रिटायर झालेल्या होत्या. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा बबलू फोनवर "आई, या वयात?" म्हणाला, तर यांचं उत्तर तयार: "वय माझं आहे, गाडीचं नाही. ती अजून लहान आहे." पुढे गाडीही म्हातारी झाली, पण तोवर दोघींचं चांगलं जमलं होतं.

गाडीचं काही बिघडलं की मामी आधी बॉनेट उघडत नसत, डोळे मिटत. एकदा टिकटिक एकाएकी भराभरा व्हायला लागली. मला वाटलं, झालं, आता सगळी वायरिंग काढावी लागणार. मामींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "उजव्या बाजूचा एक बल्ब गेला. घरातलं एक माणूस कमी झालं की बाकीच्यांची धावपळ होते ना, तसं होऊन राहिलं." मी उतरून पाहिलं, तर पुढचा उजवा दिवा खरंच गेलेला. त्या दिवशी मामींनी गल्लीत कमीत कमी चार घरी ही गोष्ट सांगितली. नम्रपणा हा गुण त्यांच्याकडे औषधालाही नव्हता.

चुकायच्याही तितक्याच जोरात. एका पावसाळ्यानंतर गाडीला नवीनच खोड लागली. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिचमिच करायचा. सराफ्याच्या चिंचोळ्या गल्लीत मामी गर्दीमुळे सारखा ब्रेक मारत होत्या, आणि मागचा स्कूटरवाला दर वेळी त्या वळणार म्हणून थांबत होता. शेवटी तो खिडकीशी येऊन म्हणाला, "माताजी, मुड़ना है कि नहीं मुड़ना है, एक बार तय कर लो!" मामींनी पक्कं सांगितलं की फ्लॅशर गेला. फ्लॅशर म्हणजे ती टिकटिक करणारी डबी. ती बदलली, मिचमिच कायम. मग स्विचवर आळ आला, तोही निर्दोष सुटला. मीच कंटाळून मागचा दिवा काढला, तर आत अर्थिंगच्या तारेला गंज चढलेला. पॉलिश पेपरने घासला, गाडी शहाण्यासारखी वागायला लागली. मामी म्हणाल्या, "मी तेच म्हणून राहिली होती." त्या तसं काहीही म्हणाल्या नव्हत्या.

खरी कसोटी आली ती गाडीचं रजिस्ट्रेशन नवं करायच्या वर्षी. गाडी जुनी, फिटनेस दाखवायचा, त्याआधी धुराचं प्रमाणपत्र. बबलू दिवाळीला आला होता. त्याने आईला अटच घातली. "यावेळी गाडी पास झाली नाही तर विकायची. आणि घर बंद करून तू पुण्याला यायचं. गाडी नसली तर इथे तू एकटी करशील काय?" मामी म्हणाल्या, "चलो, मंजूर." त्या इतक्या पटकन हो म्हणाल्या की मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. कारण स्टिअरिंगपुढच्या काचेमागे इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहायला लागला होता, ते बबलूला ठाऊक नव्हतं आणि मला होतं.

धुराच्या तपासणीला गेलो. तिथल्या पोराने मागे नळी लावली, कागद काढला आणि म्हणाला, "माताजी, गाड़ी फेल है." मामी खवळल्या. "आमच्या घरात आजवर कोणी फेल झालं नाही!" मग जरा थांबून हळूच मला म्हणाल्या, "बबलू नववीत झाला होता. पण ते गणितात."

घरी आल्यावर त्या तुळशीपाशी थोडा वेळ बसल्या, मग पदर खोचून उठल्या. एअर फिल्टर काढून पाहिला, त्यात निम्म्या शहराची धूळ होती, तो नवा घातला. प्लग साफ केले. पिवळा दिवा हटायला तयार नाही. मग मामींनी गॅसची जुनी रबरी नळी आणली. एक टोक कानाला लावलं आणि दुसरं चालू इंजिनावरून हळूहळू फिरवत नेलं, डॉक्टरने छाती तपासावी तसं. मला म्हणाल्या, "श्वास घेऊ नको रे, मधे येते तुझा." एका जागी त्यांचा हात थांबला. "सूं करून राहिलं इथं. ऐक." मी ऐकलं. मला फक्त इंजिन ऐकू आलं. पण तिथली बोटभर रबरी नळी वाकवून पाहिली, तर मागच्या बाजूने चिरलेली. तिथून नको ती हवा आत जात होती, इंजिनाचा हिशेब बिघडत होता आणि पेट्रोल धड जळत नव्हतं. नवी नळी बसवली तेव्हा मामींनी नळीला नाही, स्वतःच्या कानाला हात लावून नमस्कार केला.

परीक्षेला जाताना मामींचा एक नियम होता: थंड गाडीने धुराची परीक्षा द्यायची नाही. म्हणून आधी शहराबाहेर कुंडमच्या रस्त्याला गाडी पिटाळली. बरोबर दशम्या आणि ठेचा. थांबून खायची सोय नव्हती. "उभी केली की थंडी होते," मामी म्हणाल्या. मग मी दशमीचे घास करून त्यांच्या हातात देत होतो आणि त्या सागाच्या झाडांमधून एका हाताने गाडी हाकत होत्या. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून पिवळा दिवा कधी विझला ते मला दिसलंच नाही. मामींना दिसलं. त्यांनी आणखी एक दशमी मागितली.

गाडी धुरात पास झाली, पुढे फिटनेसलाही पास झाली. मामींनी बबलूला फोन लावला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात एवढंच म्हणाल्या, "पास!"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामी एका सकाळी मला हाका मारत आल्या. इंडिकेटरची टिकटिक बंद पडली होती. दिवे लागत होते, आवाज नव्हता. त्यांनी कोणाला न विचारता फ्लॅशर नवा आणून बसवलाही होता. "नवीन पण मुका निघाला. बस आत, पाह." मी बसलो. मामींनी दांडी खाली केली.

टिक, टिक, टिक. स्वच्छ ऐकू येत होतं.

मामी माझ्याकडे पाहत होत्या. खोटं बोलावं असं वाटलं, पण त्या डोळ्यांपुढे जमेना. "वाजतंय, मामी," मी म्हणालो. त्यांनी दांडी वर केली, पुन्हा खाली केली, डोळे मिटले. मला रडू येत होतं आणि गाडी आपली इमानाने टिकटिकत होती.

मग मामी हसल्या. "काखेत कळसा अन् गावाला वळसा. सगळी गाडी तपासली, कान तेवढा राहिला." किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "मागून कोणी हॉर्न देईल, मला समजणार नाही. बबलूला मीच सांगते. गाडी पास आहे म्हणा, ड्रायव्हर फेल झाला."

बबलू धावत आला. आता तो घर बंद करणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण आईने आपण होऊन किल्ली सोडली, हे ऐकल्यावर त्याच्याने पुण्याचं नाव काढवलं नाही. "विनू, तू चालवशील?" एवढंच त्याने मला विचारलं. त्याने कानाचं यंत्रही घेऊन दिलं. मामींनी ते दोन दिवस लावलं आणि सांगितलं, यातून टिकटिक प्लॅस्टिकची येते. मग ते मामांच्या फोटोपाशी ठेवून दिलं.

पुढची वर्षं मी गाडी चालवली आणि मामी डावीकडे बसल्या. प्रत्येक वळणाला मी इंडिकेटर दिला की त्या विचारायच्या, "वाजून राहिलं का रे?" मी म्हणायचो, "वाजून राहिलं, मामी." मग त्या गुडघ्यावर बोटाने ताल धरायच्या, आणि तो ताल टिकटिकीशी अगदी जुळायचा, कारण काचेमागचा हिरवा बाण लुकलुकताना त्यांना दिसत असे.

गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. बबलू गाडी मलाच देऊन गेला. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती नेमकी आमच्या गल्लीत शिरताना येते. रस्ता रिकामा असतो, पुढे कोणी नसतं, मागे कोणी नसतं. मी दांडी खाली करतो. शेजारच्या सीटवरून काही विचारणा होत नाही. तरी मी सांगतो, जरा मोठ्याने, त्यांना ऐकू जावं म्हणून: "वाजून राहिलं, मामी."