राईतली पक्की घरं

सांगलीहून निघताना आईनं माझी पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, "प्रवासाला निघालीस की गवंडीकामाला?" पिशवीत दोन साड्यांखाली एक हातोडा होता, मोजपट्टी होती, सळीची जाडी मोजायचा लोखंडी चिमटा होता आणि चोवीस घरांच्या जुन्या नोंदींचं बाड होतं.

मी कॉलेजात गणित शिकवत होते आणि भूगोलाच्या एका सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. कोणत्या समाजाची, कोणत्या धंद्याची माणसं कशाची घरं बांधतात आणि ती निवड गणितात मांडता येते का, हा माझा विषय. भूगोलवाल्यांना त्यात गणित जास्त वाटायचं, गणितवाल्यांना माती जास्त. सात वर्षांपूर्वी, विद्यार्थिनी असताना, मी सरांच्या तुकडीबरोबर भाईंदरजवळच्या राई गावात गेले होते. चिठ्ठ्या टाकून आम्ही चोवीस घरं निवडली होती. आता तीच घरं पुन्हा पाहायची होती. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सिमेंट परमिटवर मिळत होतं, तरी मुंबईच्या आसपासची गावं भराभर बदलतायत असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं.

भाईंदरला भर दुपारी उतरले. मार्च संपत आला होता आणि मिठागरं भरात होती. नजर जाईल तिथपर्यंत पाण्याचे चौकोन आणि त्यांच्या कडेनं मिठाचे ढीग, इतके पांढरे की डोळे मिटूनही दिसत राहावेत. टांगेवाल्यानं माझ्याकडे आणि पिशवीकडे पाहिलं.

"राई? मुर्ध्यापर्यंत सोडतो, बाई. आगे रास्ता खराब है, घोडा नाय जाणार."

मुर्धा हे राईच्या अलीकडचं गाव; तिथून चालत निघाले. शहाणपणा करून मिठागराच्या बांधावरून जवळची वाट धरली आणि शंभर पावलांत उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन येणारी एक बाई थांबली. पाटी न उतरवताच तिनं एक हात पुढे केला आणि मला ओढून काढलं. "हितं पाय टाकायचा न्हाय, बाई," ती हसत म्हणाली. "हितं फकस्त पानी चालतं." चप्पल मात्र तिथंच राहिली.

अशी अनवाणी मी राईत शिरले. मला आठवत होतं ते गाव कुडाचं होतं. कूड म्हणजे कारवीच्या काड्यांची भिंत, दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपलेली. वर कौलं, पुढं ओटा, ओट्यावर वाळत टाकलेली जाळी. आता त्या कौलांमधून अधूनमधून राखाडी, सपाट छपरं दिसत होती. मी उभ्या उभ्याच मोजली. आमच्या चोवीस घरांपैकी सात घरांवर स्लॅब पडला होता. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. माझा आलेख वर चढत होता.

नवव्या घराच्या दारात मांडव घालायचं काम चाललं होतं. घरधनी जनार्दनदादा पुढं आला. पन्नाशीचा, उन्हानं काळाकुट्ट झालेला माणूस.

"ओलखलं का घर?" त्यानं विचारलं.

"नाही, दादा. हे तर नवंच आहे."

"कसं ओलखाल? तुमीच तर मोडाया लावलंत."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, अभिमान होता. त्यानं मला आत नेलं, खुर्ची दिली आणि सांगितलं, "तवा तुमी वहीत लिवीत होता. मी इचारलं, बाई, आमच्या घराचं काय लिवलं? तुमी बोललात, कच्चं. मी इचारलं, पक्कं कवा व्हईल? तुमी बोललात, स्लॅब पडला की." मग वर बोट करून म्हणाला, "हा बगा पडला."

मला यातला एक शब्दही आठवत नव्हता. मी बाड उघडलं. घर क्रमांक नऊ. छप्पर कौलारू, भिंती कुडाच्या, आणि पुढं माझ्याच अक्षरात, जरा जास्तच ऐटीत काढलेला 'कच्चे'. मी एक रकाना भरला होता. या माणसानं तो शब्द सात वर्षं मनात धरला होता. त्या शब्दापायी त्यानं भावाबरोबरच्या होडीतला हिस्सा सोडला होता आणि तो मिठागरावर मजुरीला लागला होता. दर्यात वाढलेला माणूस!

"पोरीला बगायला येतात ते पैलं छप्पर बगतात," त्याची बायको सोनूबाई म्हणाली. त्यांच्या वनिताचं लग्न ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद होती आणि ती याच खोलीत व्हायची होती.

सोनूबाईनं जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि बोंबलाचं आंबट. पहिला घास घेते तोच वरून करड्या रंगाची एक खपली भाकरीवर पडली. सोनूबाईनं ती सहज बोटानं उडवली.

"रोजचंच हाय," ती म्हणाली. "सकाली झारून टाकते."

मी वर पाहिलं. चुन्याच्या रंगाखालून तांबूस पट्टे उमटले होते, एकाशेजारी एक, सरळ रेषेत. त्या रेषांच्या आत सळ्या होत्या. मी हात धुतले, स्टुलावर चढले आणि हातोडा हलकेच टेकवून पाहिला. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, हे मला आमच्याकडच्या एका इंजिनिअर मित्रानं शिकवलं होतं. इथं आवाज आला तो फुटक्या मडक्यासारखा. दुसऱ्या टोल्याला तळहाताएवढा तुकडा गळून पडला आणि आतली सळी उघडी झाली. मी तिला बोट लावलं. तिचे पापुद्रे सुटले, कांद्यासारखे.

"रेती कुठली वापरली, दादा?"

"खाडीची. आपलीच."

"आणि पाणी?"

"हिरीचं. मचूळ हाय, पन काय करनार? गोडं पानी प्यायला मिलत न्हाय, स्लॅबला कुठून पाजू?"

मी पापुद्रे खरवडून आतलं शाबूत लोखंड चिमट्यानं मोजलं. मूळ जाडीच्या ते जेमतेम निम्मं भरलं. शाळेतल्या मुलालाही करता येईल असा हिशेब होता: सळी गोल असते, तिची ताकद जाडीच्या वर्गावर जाते, जाडी निम्मी झाली तर ताकद निम्मी उरत नाही, पाव उरते. वर्गात मी हे दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. त्या स्टुलावर उभी असताना पहिल्यांदाच तो हिशेब मला डोक्यावर दिसला. कारण स्लॅबवर, अंगण मोकळं करायचं म्हणून, लग्नाच्या स्वयंपाकाचा लाकूडफाटा रचून ठेवलेला होता, आणि खाली उद्या पन्नास बायका बसणार होत्या.

मी खाली उतरले आणि स्पष्ट सांगितलं, "दादा, या खोलीत हळद करू नका. हे छप्पर पडेल."

जनार्दनदादाचा चेहराच बदलला. "कवा?"

"ते सांगता येत नाही. आज, उद्या, वर्षानं."

"मग तुमचं गनित कशाला?" तो ओरडला. "कुडाचं व्हतं तवा कच्चं बोललात. बापसानं बांधलेलं मोडलं. आता हे बी पडल बोलताय! पावन्यांना काय सांगू मी? बाईनं सांगितलं म्हनून नवरीला उन्हात बशिवली?"

सोनूबाईनं वाकून तो पडलेला तुकडा उचलला, उजेडात धरला आणि जिभेला लावला. तिचं सारं आयुष्य मासळी खारवण्यात गेलेलं.

"खारट हाय," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता तिनं वनिताला हाक मारली. "पाट भायेर काढ. हलद आंगनात व्हईल."

खोली रिकामी झाली. फाटा उतरवायला मात्र जनार्दनदादानं कुणाला वर चढू दिलं नाही. मागची चुलीची खोली तेवढी जुनी, कुडाची राहिली होती. तिथं मला झोपायला जागा मिळाली.

सकाळी अंगणात बायका जमल्या. जनार्दनदादा मुद्दाम त्या खोलीत मधोमध खुर्ची टाकून बसला होता, छातीवर हाताची घडी घालून. मी दारात जाऊन दोनदा विनवलं. तो माझ्याकडे बघेना. सोनूबाई बोलली, त्याचा भाऊ बोलला. उपयोग झाला नाही.

मग धवलारीण (लग्नातले धवले गाणारी आणि विधी सांगणारी म्हातारी) आली. तिनं पाट मांडला, वनिताला बसवलं, एक कडवं म्हटलं आणि थांबली.

"नवरीचा बापूस कुठं हाय?"

कुणी तरी खोलीकडे बोट दाखवलं.

"तो आल्याबिगर मी पुढं गानार न्हाय," ती शांतपणे म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

तिला त्या भांडणातलं काही ठाऊक नव्हतं, सळीची जाडीही नाही. थोड्या वेळानं आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जनार्दनदादा उठला, धोतर झटकलं आणि उंबऱ्यापर्यंत आला. एक पाय बाहेर होता तेव्हा मागून करकर वाजलं, आणि खोलीचा मधला सगळा भाग फाट्यासकट खाली आला.

धुळीनं काही दिसेना. बायका किंचाळत होत्या. मी पुढं धावले तेव्हा तो उंबऱ्यावर पालथा पडला होता. आत राहिलेल्या पायावर एक मोठा तुकडा होता. चौघांनी तो उचलला. खुर्ची पार चेपून गेली होती. त्यानं मान वळवून त्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्याला एकदम हुडहुडी भरली, भर उन्हात. बरोबर निघालेल्या उत्तराचा असा धक्का मी कधी अनुभवला नव्हता.

बैलगाडीतून त्याला भाईंदरला डॉक्टरकडे नेलं. नडगी मोडली होती. जीव वाचला होता. संध्याकाळी तो प्लॅस्टर घालून परतला आणि धवलारणीनं अर्धी राहिलेली हळद तिथूनच पुढं सुरू केली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तो बाजेवर बसून होता.

पाहुणे गेल्यावर मी त्याच्याजवळ गेले आणि माफी मागितली.

"तुमी काय स्लॅब घातला न्हाय, बाई," तो म्हणाला. "पन बोललात तर तुमीच."

राईत मी आणखी चार दिवस राहिले. बाड उघडलं नाही. सोनूबाई माझ्याबरोबर स्लॅबच्या उरलेल्या सहा घरांत आली. मी हातोडा टेकवायचे, ती कान देऊन ऐकायची. तिसऱ्या घरापासून तिला माझ्याइतकाच फरक कळायला लागला. चार घरांत आवाज बद्द आला. तिघांनी सामान बाहेर काढलं. चौथ्यानं आमच्या तोंडावर दार लावलं. त्याला सोनूबाई रोज जाऊन शिव्या घालणार होती, तसं तिनं मला वचन दिलं. निघताना तिनं वाकट्यांची (सुकवलेल्या लांबट मासळीची) जुडी आणि स्वतःच्या चपला दिल्या. चपला मला दोन बोटं मोठ्या होत्या.

सांगलीला पोचले त्याच दिवशी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण मनाला लावून घेऊ नकोस. खाडीची रेती काही तू घातली नाहीस. तू फक्त नोंद केलीस."

"नोंद करताना ते समोर उभे होते, सर. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं."

सर सावकाश उठले आणि कपाट उघडून उभे राहिले. आत आमच्या सात वर्षांच्या फिरतीची बाडं रचलेली होती. किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांची, वेगवेगळ्या विद्यार्थ्यांच्या अक्षरांतली. प्रत्येकात तोच 'कच्चे-पक्के'चा रकाना होता. त्यांचा हात पहिल्या बाडावर गेला आणि तिथंच थांबला.

"हे आपण कुठं कुठं बोललो असू गं?" त्यांनी विचारलं.

मी कागद घेतला. खाडीकाठची गावं आधी, असं ठरवून आम्ही परत जायची यादी करायला बसलो.