लोहकीस

अडतीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून घासलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घर खायला उठतं. म्हाताऱ्याचं तसंच झालं होतं. बायको मागेच गेलेली, मुलगा बोटीवर. घरात उरली दोघंच, तो आणि सूनबाई. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. वैर काही नव्हतं, पण बोलणं "जेवलात?" आणि "हो" यापुढे जात नसे.

एक दिवस ती तोंड पाडून घरी आली. त्याने धीर करून विचारलं, "काय झालं गं?"

"फजिती झाली, बाबा. लोहकीस आणि गंधक तापवून आयर्न सल्फाइड करायचं होतं. नीट झालं, तर त्याला चुंबक चिकटत नाही. आमचा गोळा टुणकन चिकटला! पोरी खो खो हसल्या."

"कीस आहे जवळ?"

तिने पिशवीतून पुडी काढली. त्याने चिमूटभर चोळला. बोटं तांबूस झाली.

"निम्मा गंजलाय. आणि केवढा जाड! गंधक आतपर्यंत पोचणार कसं?"

सकाळी त्याने व्हाइसच्या जबड्यात मऊ लोखंडाची पट्टी आवळली आणि बारीक कानशीने दुपारपर्यंत घासली. पिठासारखा कीस कोरड्या बाटलीत भरून घट्ट बूच लावलं.

बाटली हातात घेत ती म्हणाली, "उद्या तुम्हीही चला."

वर्गात तो मागच्या खिडकीपाशी अंग चोरून उभा राहिला. तिने वजनाने सात भाग कीस, चार भाग गंधक मिसळून परीक्षानळीत भरलं. बूड लाल होताच बर्नर बाजूला केला. तरी ती लाली आपोआप वर चढत गेली. म्हातारा श्वास घ्यायचा विसरला. नळी थंड झाल्यावर फडक्यात गुंडाळून फोडली, तर आत काळपट, ठिसूळ गोळा. चुंबक लावलं. ढिम्म!

मग तिने त्यावर आम्लाचे थेंब टाकले.

"बाबा, नाक धरा!" ती भर वर्गात ओरडली. सडक्या अंड्यांची घाण सुटली.

"बाई, हे तुमचे वडील?" एका मुलीने नाक दाबूनच विचारलं.

"हो," ती चिमटा पुसत म्हणाली. "कीस त्यांनीच केलाय."

म्हाताऱ्याने डोळे पुसले. पोरींना वाटलं, वासाने.

परतताना त्याने विचारलं, "सातास चारच का गं? पाच घातलं तर?"

ती अणूंच्या वजनापासून सुरू झाली. घर आलं तरी संपलं नव्हतं. किल्ली हातात तशीच धरून ती दारात उभी राहून सांगत होती, आणि तो मध्येमध्ये शंका काढत होता.