मास्तर हरायला शिकतात

जुन्या सोफा-खुर्च्यांना नवं अंग देणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण खुर्ची घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसावं कसं, हेही ते शिकवायचे. मग दुसरं काय म्हणणार? लाकडी सांगाड्यावर तागाची रुंद पट्टी आडवी-उभी ताणायची, दात-ओठ खाऊन ताणायची, आणि खिळा बसेपर्यंत सोडायची नाही, हे त्यांचं काम. स्वभावही तसाच. बायकोबरोबर पत्त्यांचा डाव मांडला तरी जिंकल्याशिवाय उठायचे नाहीत. ती बिचारी जांभया देत पानं टाकत राहायची.

अशा माणसाच्या पदरात चिंधी पडली. चिंधी म्हणजे अजून वर्षही न भरलेली, तपकिरी रंगाची, एक कान पडलेली कुत्री. भटक्या जनावरांना आसरा देणाऱ्या एका बाईंनी आणून दिलेली. दुकानात पाय टाकताच ती कामाच्या टेबलाखाली कापडाच्या तुकड्यांत शिरली ती शिरलीच. हातोडी वाजली की थरथर, गिऱ्हाईक आलं की थरथर, मास्तर शिंकले तरी थरथर. "अहो, यातली कुत्री कुठली आणि चिंध्या कुठल्या, मला तर कळतच नाही," बायको म्हणाली, आणि नाव ठरलं. मास्तर तिला स्वतःच्या ताटातलं भरवू लागले. चार दिवसांत त्यांचा जीव तिच्यात असा अडकला की विचारू नका.

काही दिवसांनी त्या बाई बघायला आल्या. टेबलाखाली डोकावल्या आणि स्पष्टच बोलल्या. "मास्तर, ही अशीच अंग चोरून राहिली तर मला न्यावी लागेल. दुकानातली वर्दळ तिला सोसत नसेल तर शांत घर शोधू. महिनाअखेरीला येते. तोवर तिला ओढाओढ खेळायला शिकवा. खेळायला लागली की भीड चेपते."

"ओढाओढ?" मास्तरांनी छाती फुगवली. "अहो, जन्मभर मी दुसरं केलंय काय?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या गुंडाळीतली पट्टी कापली. चिंधीसमोर पाय रोवून उभे राहिले, तिच्या डोळ्यांत डोळे घातले आणि फर्मावलं, "हं, धर!" चिंधी गरीब. तापलेल्या तव्याला हात लावावा तशी तिने पुढच्या दातांनी पट्टीची कड धरली. मास्तरांचे हात सवयीचे गुलाम, त्यांनी दिला हिसका! पट्टी तिच्या तोंडातून सुटली आणि चिंधी पुन्हा टेबलाखाली. "अगं, धरून ठेवायचं असतं!" मास्तर ओरडले. म्हणजे आणखीच छान.

मग त्यांनी जाड पट्टी आणली. मग मऊ आणली. शेवटी प्रात्यक्षिक म्हणून एक टोक स्वतःच्या दातांत धरलं आणि दुसरं बायकोच्या हाती दिलं. नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक दारात आलं. मास्तर गुडघ्यांवर, तोंडात पट्टी, समोर बायको. "मी नंतर येतो," असं म्हणून गृहस्थ आल्यापावली परत गेले. खुर्ची न्यायला त्यांनी पुढे मुलाला पाठवलं.

"तुम्ही खेळताय का खुर्ची भरताय?" बायकोने पट्टी टाकून दिली. "तिच्या जागी मी असते तर मीही टेबलाखाली गेले असते. बापजन्मात कधी कुणाला जिंकू दिलंय तुम्ही?"

"मग काय हरू? कुत्रीकडून?"

"हरा की! काय आकाश कोसळणार आहे?"

मास्तरांना हे झोंबलं. दिवसभर ते गाल फुगवून बसले. पण दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर त्यांनी दार लोटलं, कण्हत-कुथत जमिनीवर बसले, टेबलाकडे पाठ केली आणि पट्टी मागे सोडून दिली. एक टोक तेवढं बोटांत. मागे वळून बघायचं नाही, असं स्वतःलाच बजावलं. पाय पार मुंग्या येऊन बधिर झाले.

आणि मग पट्टीला एवढासा ताण आला. लगेच मास्तरांची बोटं आवळली. पलीकडचा ताण थांबला. आता हिसका द्यायला हात असे शिवशिवत होते म्हणता! पण मास्तरांनी डोळे मिटले आणि बोटं उघडली.

पट्टी सरकली. वळून बघतात तर चिंधी भर दुकानात उभी, पट्टी तोंडात, चेहरा असा की हे माझं कसं काय? "घे बाई, तूच जिंकलीस," मास्तर म्हणाले. एवढा मऊ आवाज त्यांच्या बायकोनेही ऐकला नव्हता.

पुढे काय, मास्तरांना हरायची चटकच लागली. थोडं धरायचं, थोडं ओढू द्यायचं, मग "मेलो गं मेलो!" म्हणत स्पंजच्या ढिगावर कोसळायचं. चिंधी पहिल्यांदा गुरगुरली तेव्हा तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. एकदा बायको आत आली तर मास्तर उताणे आणि चिंधी त्यांच्या छातीवर पट्टी घेऊन उभी. बायको इतकी हसली की हातातली पिशवी पडली.

महिनाअखेरीला बाई आल्या, आणि चिंधी टेबलाखाली!

खुर्चीवर बसलेल्या बाईंनी पिशवीतून चिंधीसाठी आणलेला गळपट्टा बाहेर काढला. "राग मानू नका, मास्तर. तिच्या भल्यासाठीच." मास्तरांचा हात टेबलाखाली गेला. तिला मानेला धरून बाहेर काढावं, दाखवावं की बघा, खेळते ही! पण मानेपर्यंत पोचलेला हात त्यांनी मागे घेतला. "मी नाही ओढणार तिला," ते म्हणाले. "तिला यायचं तर येईल. नाहीतर न्या."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. मग चिंध्या हलल्या. चिंधी पट्टी घेऊन बाहेर आली, मास्तरांना ओलांडून तडक बाईंकडे गेली आणि दुसरं टोक त्यांच्या पायावर टाकलं. बाईंनी ते उचललं मात्र, चिंधीने असा जोर लावला की बाई खुर्चीवरून पुढे आल्या.

"अहो, आवरा हिला!" बाई हसत ओरडल्या.

मास्तर काय आवरणार? त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "तुम्हीच सोडा," ते कसेबसे म्हणाले. "ती सोडायची नाही."

बाईंनी गळपट्टा परत पिशवीत टाकला, तोही एकाच हाताने. दुसरा हात अजून चिंधीशी झगडत होता.