आबांची उलटी प्रदक्षिणा

स्केटिंग शिकवणाऱ्या माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एकाच पायाचे नी-गार्ड आणि किस्से. गार्डची जोडी कधी लागत नाही, पण किस्से मात्र एकमेकांना बरोबर चिकटतात. जळगावातल्या एका बागेत मी रोज सकाळी क्लास घेते. मधोमध गणपतीचं छोटं मंदिर, भोवती गोल गुळगुळीत ट्रॅक. अख्ख्या गावात अशी दुसरी जागा मला शोधून दाखवा, मी तुमच्या पाया पडते!

*

पहिल्याच दिवशी वॉचमन नानांनी फाटकात अडवलं. नाना शिरपूरकडचे, बोलणं अस्सल खानदेशी, ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘इथे’ला ‘आठे’. शेजारी पाटी होती, ‘उद्यानात वाहन आणण्यास सक्त मनाई आहे.’

“मॅडम, चाकं शेतस ना? मंग हाई वाहन शे!”

“अहो नाना, हे बूट आहेत!”

“बूट शेतस? मंग आठेच काढा. बागमा गणपतीनं मंदिर शे!”

आता बोला! शेवटी ‘खेळणं’ म्हणून आत सोडलं. खेळण्याला मनाई करणारी पाटी अजून कुणाला सुचली नव्हती, एवढंच.

*

माझा नियम एकच, हेल्मेट नाही तर स्केटिंग नाही. एका मुलीचे वडील जाम वैतागले. “मॅडम, मी मोटरसायकलवर घालत नाही, अन् हिला पायात चाकं आहेत म्हणून घालू?”

तरी दुसऱ्या दिवशी तिला हेल्मेट घालून घेऊन आले. येताना चौकात ट्रॅफिक पोलिसाने धरलं.

“हेल्मेट कुठंय?”

वडिलांनी अभिमानाने मागच्या सीटकडे बोट दाखवलं. “आहे ना साहेब, पोरीच्या डोक्यावर!”

पोलीस म्हणाला, “मग उतरा खाली, गाडी तिलाच चालवू द्या!”

*

मध्ये आठवडाभर बागेत रंगकाम निघालं, म्हणून मुलांना कॉलनीच्या रस्त्यावर नेलं. एक काका गॅलरीतून ओरडले, “रस्ता काय खेळायला आहे? बागेत जा!” बाग उघडल्यावर आम्ही परत गेलो, तर तेच काका तिथे फिरायला आलेले. म्हणाले, “इथं म्हातारी माणसं चालतात. रस्ते कशाला बांधलेत मग?”

मी डोकं धरून बाकावर बसले. तर नाना म्हणे, “तो बाक ज्येष्ठ नागरिकासना शे!”

*

पण खरं दुखणं होतं आबांचं. आबा फैजपूरचे केळीवाले, आता लेकाकडे जळगावात असतात. बागेत फिरणाऱ्या मंडळींचे पुढारी. नात परी माझ्याच क्लासला, तरी आमच्याविरुद्ध तक्रार आबांचीच!

कारण दिशा. मधे गणपती, म्हणून आबा आणि मंडळी देव उजव्या हाताला ठेवून चालणार. आणि स्केटिंगची शर्यत जगभर डावीकडेच वळते, देव डाव्या हाताला. म्हणजे रोज सकाळी समोरासमोर!

“आबा, तुम्ही दिशा बदला ना.”

“मी? उलटी प्रदक्षिणा? पाप लागंल! तुमची पोरं वळवा, नाहीतर महापालिकेच्या साहेबाला बोलावून क्लासच बंद करतो.”

साहेबाकडे अर्ज गेलाही. मी घाबरले. ही जागा गेली तर मुलांना घेऊन जाणार कुठे? मुकाट्याने मुलं वळवली. आमचा क्लास चाकांवरून गणपतीला सुलट्या प्रदक्षिणा घालायला लागला.

*

मग आली धुळ्याची स्पर्धा. नात पहिल्यांदा उतरणार म्हणून आबा धोतर-टोपी घालून पहिल्या रांगेत. मी परीला शंभरदा बजावलं होतं, “बाळा, इथे डावीकडे वळायचं हं.”

शिट्टी वाजली. सगळ्या मुली एकीकडे, परी दुसरीकडे!

समोरून घोळका आला. कुणी इकडे, कुणी तिकडे, दोघी आपटल्या. हेल्मेटं होती म्हणून निभावलं. आणि आबा उभे राहून ओरडतायत, “शाब्बास परे! तूच बरोबर! बाकी बठ्ठ्या उलट्या चालल्यात!”

परी बाद. रडत आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “आबा, तुमच्यामुळे झालं.”

फार वाईट वाटलं मला, तिचंही आणि आबांचंही. येताना आबा आमच्याच गाडीत. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा एकदम म्हणाले, “मॅडम, देव उजव्या हाताला पाहिजे. पण तोंड कुठं पाहिजे, हे कुठं सांगितलंय?”

मला काही कळलं नाही. मी आपली बिस्किटं मागवली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले तर आबा चालतायत. मागे मागे पावलं टाकत! देव उजव्या हाताला, पाय मात्र आमच्या शर्यतीच्या दिशेने.

“आबा, हे काय?”

“मागून येणारी पोरंही दिसतात, अन् पापही नाही! वळवा तुमची पोरं पूर्वीसारखी.”

आबा पुढारी माणूस. दोन दिवसांत सगळी मंडळी तशीच चालायला लागली. मुलं डावीकडे भन्नाट, कडेने म्हातारी माणसं मागे मागे झपाझप, एक धक्का नाही.

आणि नेमका तेव्हाच तो साहेब आला. आधीच्या तक्रारीची चौकशी! मी हात जोडून उभी. ट्रॅकच्या कडेला थांबून तो मुलांकडे बघत म्हणाला, “स्केटिंग धोक्याचं आहे म्हणे?”

नानांनी जोरात शिट्टी फुंकली. “साहेब, बाजूले व्हा! आबा रिव्हर्स ई राहिनात!”

उशीर झाला होता. साहेब जास्वंदीत.

पुढच्या सोमवारी फाटकावर नवी पाटी. स्केटिंगचा त्यात शब्दसुद्धा नव्हता! परी आनंदाने उड्या मारायला लागली. पाटीवर लिहिलं होतं, ‘उद्यानात उलटे चालण्यास सक्त मनाई आहे.’

आबा पाटीखाली कमरेवर हात ठेवून उभे. नानांनी पाटी दोनदा वाचली, मंदिराकडे बघितलं, ट्रॅककडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि मला विचारलं,

“मॅडम, यामा उलटं म्हन्जे कोनतं?”