गोळीवर घातलेला आळ

मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा आटोपली की आमच्या गावच्या तलावाचं पाणी उतरू लागतं आणि मोठं जाळं बाहेर निघतं. आम्ही ढिवर. जाळं ओढायचा नियम वाडवडिलांपासूनचा. दोराला हात लावील त्याला पूर्ण वाटा, काठावर बसून मासोळ्या निवडील त्याला अर्धा. काठावर बाया बसतात, म्हातारे बसतात. धडधाकट पुरुष तिथं बसला की त्याचं हसू होतं.

एका वर्षी माझा मोठा भाऊ काठावर बसला. आदल्या पावसाळ्यात त्याला हृदयाचा झटका येऊन गेला होता. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी रक्तातली चरबी कमी करणारी गोळी रोज रात्री घ्यायला सांगितली होती. तब्येत सुधारली, पण पुढं त्याच्या मांड्या आणि खांदे दुखू लागले. उकिडवा बसला की हात टेकल्याशिवाय उठता येईना.

मच्छी सोसायटीचा अध्यक्ष मी. सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, खायले पुढं अन् ओढाले मांगं? लुगडं नेसून येत जा ना मंग!"

लोक खदखदून हसले. तोही हसला. "बराबर आहे तुहं," एवढंच बोलला.

पुढच्या जाळ्याला तो दोरावर होता. मी विचारलं, "दुखणं गेलं का?"

तो हळूच म्हणाला, "गोळी सोडली. अंग मोकळं झालं. घरी नको सांगू, तुही वहिनी बोंबलन."

मला बरंच वाटलं. डॉक्टरला एकदा विचार, एवढं म्हणायला माझी जीभ झडली नसती. मी म्हटलं नाही.

पावसाळा लागायच्या आत त्याला दुसरा झटका आला. दवाखान्यात पोचेस्तोवर तो गेला.

मयतीला आलेल्यांनी विचारलं, काऊन गेला? मी म्हणालो, "त्या गोळीनं. आंधी हातपाय खाल्ले, मंग काळीज." ते बोलणं मोहल्ल्यात पसरलं आणि मी ते पसरू दिलं. गोळी काही उलटून बोलत नाही.

यंदा मलाच त्या जातीची गोळी सुरू झाली. पिंडऱ्या दुखू लागल्या तशी मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी लघवी काळपट होते का विचारलं, रक्त तपासलं आणि गोळी बदलून दिली. दुखणं गेलं. इतकंच होतं ते! मग मी भावाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "सोडल्यामुळेच झटका आला, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण आपल्या मनानं सोडायला नको होती. इथं आले असते तर त्यांनाही बदलून दिली असती."

त्याच आठवड्यात घरातून कळलं की वहिनीलाही ती गोळी लिहून दिली आहे आणि तिनं पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. मी गेलो तेव्हा ती तांदूळ पाखडत होती.

"वहिनी, गोळी काऊन घेत नाई?"

"काऊन घेऊ? माह्या माणसाले खाल्लं तिनं. तूच सांगतलं ना!"

मग मी सांगितलं. दादानं गोळी सोडली होती, मला ते ठाऊक होतं आणि त्यानं ती माझ्या टोमण्यापायी सोडली होती.

तिनं सूप खाली ठेवलं. "मी म्हणो, गोळ्या सरत कशा नाईत? तर तो म्हणे, डॉक्टरनं नवीन देल्ल्या. अन् मयतीत तू खोटं बोलला."

"हो."

"साऱ्या मोहल्ल्याले."

"हो."

"मंग मोहल्ल्याले सांग. मले एकटीले सांगून मोकळा होतं का?"

पुढच्या जाळ्याच्या दिवशी सांगितलं. सगळे ओल्या अंगानं उभे होते. कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "अध्यक्ष, आता काऊन सांगून राह्यला?"

त्याचं खरं उत्तर तिथं दिलं नाही, ते इथं लिहितो. माझे स्वतःचे पाय दुखले नसते तर मी कधीच सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी दवाखान्यात निघाली. गोळीनं अंग दुखलं तर काय करायचं, ते तिला विचारायचं होतं. मी फटफटी काढून तिच्या दारात उभा राहिलो. ती माझ्या बाजूनं गेली आणि एसटीत बसली.