दुसऱ्याच्या रानात दारं

रंगराव गेल्याचा फोन आला, तेव्हा नदीवर धुकं होतं. फोन ठेवल्यावरही मी खिडकीतून तिकडेच पाहत राहिलो... खांद्यावर खोरं टाकून तो त्यातून चालत येईल, असं वाटत होतं.

आम्ही शाळासोबती. मी गावातून रोज सांगलीच्या ग्रंथालयात नोकरीला जायचो. तो गावच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचा आणि अर्धा एकर ऊस सांभाळायचा. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या ओसरीवर आमचं ठरायचं. त्याचा आवडता उमेदवार नेहमी लहान पक्षाचा, हमखास पडणारा. ‘मत वाया जाईल,’ मी म्हणायचो. मग नको असलेल्याला पाडू शकेल, अशा तिसऱ्यालाच तो मत द्यायचा आणि शाई चोळत बाहेर यायचा. “बोट माझं, मत परक्याचं.”

एकदा तो उसात दारं धरत होता, पाटाचं पाणी सरीसरीत वळवत होता. काही देशांत पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा वाटून देतात, असं मी बांधावरून सांगितलं. तो खोऱ्यावर रेलून हसला.

“आपला पाट काय येगळा हाय? मोठ्या रानाला मोठी पाळी, पन अर्ध्या एकराचीबी पाळी हायच की. मतात मातर जो पुढं, त्यालाच समदा पाट!”

“आणि इतक्या पक्षांची रोज भांडणं झाली तर?”

“पाटावर व्हत न्हाईत व्हय? तरी पानी फिरतंयच न्हवं, गड्या.”

गेल्या निवडणुकीत तो आजारी होता. बायकोचा, हौसावहिनींचा हात धरून केंद्राबाहेर आला. “कुणाला दिलंस?” मी विचारलं.

“आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात दारं धरलं रं,” तो म्हणाला. “यंदा माझ्या.”

त्याचा उमेदवार पडला. नको होता तोच निवडून आला. भेटायला गेलो, तर पडल्या पडल्या त्याने शाईचं बोट वर केलं. “म्हन की आता, वाया गेलं.” मी ते बोट हातात धरलं... तीच शेवटची भेट.

परवा त्यांच्या रानाची पाण्याची पाळी होती. खोरं वहिनींच्या हातात होतं. वरच्या रानातला ओरडला, “आवं काकी, एवढ्याशा तुकड्याला कशाला तरास? ऱ्हाऊ द्या, मी घेतो पानी!”

“एवढंसंच हाय,” वहिनी म्हणाल्या, “पन पाळी आमची हाय.”

त्यांनी माती ओढली. पाणी सावकाश पहिल्या सरीत शिरलं... त्याच्या रानाला पुरेल एवढंच.