माळवदावरची माती

लग्न होऊन मी येडशीजवळच्या त्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्याला जोडला होता. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आमचे हे जमीनमोजणीच्या कचेरीत होते. यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. जुन्या कागदांवरची ती वळणदार अक्षरं हे घडाघडा वाचायचे. माझं माहेर वाईकडचं. तिकडचं घर कौलारू आणि बोलणं वेगळं, त्यामुळं यांचे निम्मे शब्द मला कळायचेच नाहीत.

पहिल्याच रविवारी यांनी मला सायकलीवर पुढं बसवलं आणि नदीकाठानं दूर नेलं. एका ओसाड माळावर सायकल थांबवून म्हणाले, "हे बेचिराग."

मला वाटलं, काही प्रेमाचं असेल. मी लाजून खाली बघितलं. हे पुढं म्हणाले, "म्हणजे चिराग नाही ते. दिवा लावायला माणूस उरलं नाही ते गाव. कागदावर नाव आहे, जमिनीवर काही नाही."

इतकी हसले मी, की सायकलीसकट दोघं आडवे झालो.

पण तो नाद पुढं मलाही लागला. त्याला कारण तेर, तेरणा नदीकाठचं जुनं गाव. तेरला आम्ही देवदर्शनाला गेलो होतो. देवळामागं पांढऱ्या मातीची मोठमोठी टेकाडं होती. तिथल्या एका शेतकऱ्यानं शंखाची बांगडी, एक मणी आणि पुसट झालेलं नाणं कोपरीच्या खिशातनं काढून दाखवलं. "नांगराला लागतंय," म्हणाला, जसं काही बटाटे लागतात. घरी येऊन यांनी कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "तेरणा काय एकट्या तेरसाठी वाहते का? काठानं आणखी अशी गाडलेली गावं असणार. मी जागा आधी सांगतो, मग जाऊन बघू."

मग रोज संध्याकाळी जेवणं झाली की गावनकाशे पसरायचे. यांचा हिशेब साधा होता. बारमाही पाणी जवळ हवं, पुराच्या वर उंचवटा हवा आणि जुन्या कागदात बेचिराग लिहिलेलं हवं. तिन्ही जुळलं की तांबड्या पेन्सिलीनं टिंब. अशी सात टिंबं झाली. सात! मला तर वाटलं, आता आपण सात तेर शोधणार. मी एका बरणीवर 'मणी' अशी चिठ्ठीसुद्धा चिकटवून ठेवली.

पहिल्या टिंबावर पांढरी माती ढीगभर सापडली. ती चुन्याच्या भट्टीची निघाली. दुसऱ्यावर खापरंच खापरं! यांनी एक उचलून उन्हात धरलं, बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "फार जुनं आहे गं." तेवढ्यात बांधावर बसलेला एक म्हातारा कुंभार खो खो हसायला लागला.

"साहेब, ती माज्या चुलत्यानं बिघडवलेली भट्टी हाय! लई नाद होता त्येला घाई करायचा. समदी मडकी तडकली."

तिसऱ्या टिंबावर गांधीलमाश्या निघाल्या. यांचा ओठ दोन दिवस भरताच्या वांग्याएवढा झाला होता. त्या ओठानं हे कचेरीत गेले आणि कुणी विचारलं की "संशोधन" एवढंच म्हणायचे.

मग चैत्र आला. आमच्या घरमालकीणकाकूंनी माळवदावर नवी माती घालायला काढली. त्या भागातली घरं धाब्याची. वर माती, तिलाच माळवद म्हणायचं. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती पसरून चोपली नाही तर घर गळणार. शाळेला सुटी होती, म्हणून मीही पदर खोचून वर चढले. बायका पाट्या वर देत होत्या आणि मी अनवाणी पायांनी माती तुडवत होते. टाचेला काहीतरी टोचलं. खडा म्हणून मी काढला आणि पदराला पुसला, तर तांबडा, आरपार उजेड जाणारा, मधोमध भोक असलेला मणी! अकीकाचा.

मी माळवदावर नाचले. खरंच नाचले. शेजारच्या माळवदावरच्या बाईनं हाक मारून विचारलं, "काय वो मास्तरीणबाई, इंचू चावला का?"

"काकू, ही माती कुठली?"

"पांढरीची. दोन वढ्यांच्या मधी टेकाड हाय न्हवं, तिथली. समदं गाव तिथनंच आणतंय. काळ्या मातीनं माळवद गळतंय, ही न्हाय गळत."

"कधीपासून आणता?"

"आता हे काय इचारणं झालं? माजी सासू आणायची, तिची सासू आणायची."

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. जिथं माणसं शेकडो वर्षं राहिली, जेवली, चुली पेटल्या आणि भिंती पडल्या, तिथलीच माती अशी पांढरट आणि राखेसारखी होते. गावोगावच्या बायकांना ती जागा पाठ होती. आम्ही मात्र ती नकाशात शोधत बसलो होतो!

हे घरी आल्यावर मी मणी समोर ठेवून म्हटलं, "अहो, तुमची टिंबं राहू द्या. आता मी जागा सांगते."

नकाशात त्या दोन ओढ्यांमधल्या जागेवर गायरान लिहिलं होतं. बेचिराग नाही, काही नाही. हे मान हलवत राहिले. "कागदात नाही, तर गाव कसं असेल?"

"कागद लिहायच्या आधीच मोडलं असेल तर?"

मग आमची पैज लागली. माझी जागा खरी निघाली तर हे आठवडाभर भर सकाळी, सगळ्या गावादेखत, विहिरीवरनं घागरी आणणार.

पुढचे पंधरा दिवस मी एकच काम केलं. शाळेतल्या मुलींच्या आया भेटल्या की विचारायचं, तुमच्या माळवदाची माती कुठली? बाजारात, देवळात, विहिरीवर तेच. एका बाईनं तर दुसरीला सांगितलं, "मास्तरीणबाई घर बांधायल्यात वाटतं." बायकांच्या सांगण्यावरनं आसपासच्या गावांतल्या तीन जागा मी नकाशावर मांडल्या. निळ्या पेन्सिलीनं.

रविवारी आम्ही दोन ओढ्यांमधल्या टेकाडावर गेलो. गाड्या भरून भरून माती नेल्यानं एका बाजूला उभा कडा तयार झाला होता. त्या कड्यात थरावर थर दिसत होते. राखेचा काळा पट्टा, त्यावर माती, त्यावर विटांची एक ओळ, पुन्हा राख. मधून हाडं डोकावत होती आणि काठ वळवलेली लालभडक खापरं. यांनी डोक्यावरची टोपी काढून इतकी उंच उडवली की ती बाभळीवर अडकली.

"एवढं मोठं गाव!" हे ओरडले. "अगं, एवढं मोठं!"

आम्ही दोघं लहान पोरांसारखे त्या उतारावरनं पळत खाली आणि पुन्हा वर. तेवढ्यात शेजारच्या शेताचा मालक धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"साहेब, मोजणी हाय का? सरकार जमीन घेतंय का?"

आमचं हसू जागच्या जागी थांबलं. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाय, दादा. कचेरीचं काम न्हाय हे. इथं लई जुनं गाव होतं, तेवढंच बघायला आलो."

"माज्या शेताच्या बांधाला?" त्यानं कड्याकडं नव्याच नजरेनं बघितलं. "मग आमी कुणाच्या घरावर घर बांधलं म्हणायचं?"

त्या आठवड्यात यांनी दोन घागरी खांद्यावर घेऊन गल्लीतनं सात फेऱ्या मारल्या. विहिरीवर बायकांची गर्दी वाढली. काही नुसत्या बघायला यायच्या.

आम्ही पुराणवस्तू खात्याला पत्र लिहिलं. महिन्याभरानं एक अधिकारी आले. चष्मा, टोपी, खाकी पिशवी आणि फार कमी बोलणं. तिन्ही जागा त्यांनी चालून बघितल्या. तिसरी नुसती ओढ्यानं आणलेली गाळाची माती निघाली, पण दोन खऱ्या. दोन ओढ्यांमधलं टेकाड सातवाहनांच्या काळातलं असावं, असं ते म्हणाले, आणि प्रथमच हसले.

"जागा कशी ओळखली?"

"माळवदावरनं," मी म्हटलं.

ते ऐकल्यावर त्यांनी शिडी मागितली. काकूंच्या माळवदावर चढून ते गुडघ्यांवर बसले आणि चाकूच्या टोकानं माती उकरायला लागले. काकू अंगणातून ओरडल्या, "अवो साहेब, उतरा! पाऊस तोंडावर आलाय, घर गळंल माजं!" साहेब उतरेनात. मूठभर खापरं, एक मातीचा बैल आणि तीन मणी घेऊन ते खाली आले, तसं काकूंनी त्यांच्या हातात मातीची पाटी देऊन पुन्हा वर पाठवलं. उकरलेली जागा त्यांनी स्वतः चोपून दिली. खाली उतरल्यावर म्हणाले, "आता गावाला कड्यातली माती काढू देऊ नका." काकूंनी विचारलं, "मग माळवदावर काय, तुमची टोपी घालू?" शेवटी तोडगा निघाला. पावसानं टेकाडावरनं वाहून खाली साचते तेवढीच माती न्यायची आणि कड्याला हात लावायचा नाही. बहुतेकांनी ते पाळलं.

आमचा नाद मात्र सुटला नाही. त्या दसऱ्यानंतर आम्ही तुळजापूरला निघालो होतो. मोटार खच्चून भरलेली आणि मी खिडकीशी. एका गावाची माळवदं अशी पांढरीशुभ्र दिसली, आणि मागं दोन नद्यांच्या बेचक्यात एक बोडकं टेकाड, की मी यांचा हात गच्च धरला. यांनीही तेच बघितलं होतं. दोघं एकदम ओरडलो, "थांबवा! थांबवा!"

कंडक्टरनं घाईनं घंटी ओढली. उतारूंनी पाय वर घेतले. मागच्या बाकावरच्या एका आजीनं माझ्या हातात अर्धं लिंबू दिलं आणि म्हणाली, "चोख गं बाई, म्हंजी मळमळ थांबंल."

मी लिंबू तोंडात धरलं आणि यांच्या मागोमाग त्या टेकाडाकडं पळत सुटले. मोटार आमच्याशिवाय तुळजापूरला गेली.